दोर लागतो

आमच्या ग्रुपात चौघं.
इलाही तांबोळी, गिअरबॉक्सवाला,
त्याच्या ढोलकीला ग्रीसचा वास.
नेमगोंडा हळदीच्या सौद्यात कारकून,
सूरही लिलाव पुकारल्यासारखा लावतो.
वैजयंता आंबी, जिच्या आज्याची ही गाणी.
आणि मी. मी शब्द लिहून घेतो,
म्हणजे फारसं काही करत नाही.

पलीकडं कोथळीला जायला पूल झाला
तशी हरिपूरच्या संगमावरची नाव
चिंचेखाली उपडी पडली.
यंदा तिच्या पोटात कुत्रीनं पिलं घातली.

पांडबा आंबींना स्टुडिओत बसवलं,
म्हणजे नेमगोंडाच्या माडीवर, भिंतींना गाद्या टेकवून.
पंखा बंद. माईक चालू.
दोनदा चहा झाला, गाणं येईना.
"आठवंना व्हय आबा?"
"आठवतंय की.
पर हात मोकळं असल्यावर
त्वांड कसं उघडंल?"

आम्ही हसलो.
घरी जाताना कुणी हसत नव्हतं.

चार दिवसांनी इलाहीची जीप
मळीच्या रानात चाकाच्या आसापर्यंत रुतली.
दोर बांधला. म्हातारा बांधावर बघत उभा होता,
उठला, धोतर खोचलं, दोर खांद्यावर घेतला
आणि

आडवं पाणी — हेऽ वड
तिरकी धार — हेऽ वड
सासरची वाट — हेऽ वड
जड रं फार — हेऽ वड

फोन जीपमध्ये.
पेन होतं, कागद नव्हता.
डाव्या पोटरीवर लिहून घेतलं मी,
चिखल पुसून, तीन कडवी.
चौथं गुडघ्यापाशी संपलं.

तेव्हा कळलं: 'वड' म्हणताना श्वास घ्यायचा नसतो,
सोडायचाही नसतो.
तो दोराला बांधलेला असतो.

हॉलवाल्यांनी सांगितलं, जरा फास्ट घ्या,
पोरं बसत नाहीत.
वैजयंता काही बोलली नाही.
तिनं विंगेत हळकुंडाची दोन पोती ठेवली,
एकावर एक,
आणि दोराचं टोक स्टेजवर आणलं.
सव्वादोनशे खुर्च्या, निम्म्या भरलेल्या.
पोती कुणालाच दिसत नव्हती.
चौघं वाकलेले दिसत होते.
दर 'वड'ला चार बोटं सरकायचं ओझं,
फास्ट कसं घेणार?
दिव्याच्या झोतात पिवळी धूळ यायला लागली.
कुणी टाळीचा ठेका धरला,
मग आपणच सोडला.

संपल्यावर एक म्हातारी पायऱ्या चढून आली,
कोथळीची, हातात चपला.
"गळा ब्येस हाय बाई तुजा.
पर तिसऱ्या वडीला उजवा पाय म्होरं न्हवता.
नाव ग्येली आसती की
अंकलीच्या पुलाखाली."

वॉचमन किल्ल्या वाजवत होता.
निम्मे दिवे गेले.
वैजयंतानं तळहात बघितले, पदराला पुसले,
पोती ढकलत पुन्हा मागं नेली.
इलाही, ढोलकी राहू दे, म्हणाली,
दोर धर.
उजवा पाय.