अर्धा इंच माया

सकाळी पावणेसातला कचरागाडी येते
लोकमान्य नगरात, आपलं गाणं लावून.
ओला, सुका, काच, सगळ्यांचे डबे वेगळे.
गोळ्यांची रिकामी पाकिटं कुठे टाकायची
ते रामकन्याबाईनंच शिकवलं, सात वर्षांपूर्वी:
"दवाई का इधर, भाभीजी."
शेजारचा डबा माझ्यासाठी नव्हता.
माझं ते सगळं केव्हाच आटोपलं होतं.

सोमवारी त्यात मी
कागदात गुंडाळलेलं काही टाकलं.
तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्या केसांकडे.
"बहू आई है क्या?"
नाही, म्हटलं.

डॉक्टर बाफनांनी सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू.
सहीसुद्धा आहे माझी, 'क्वचित' या शब्दाखाली.
क्वचित म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी,
असं मी वाचलं.

छातीपाशी ही गोळी दार लावून घेते,
ओटीपोटात जाऊन तीच कडी काढते.
आमची शकूआत्या अशीच होती,
माहेरी मुकी,
सासरी सगळ्यांना पुरून उरलेली.

सोनोग्राफीवाली मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली,
"अस्तर बारा मिलिमीटर."
मला हसूच आलं.
तीस वर्षं ब्लाउज शिवलेत मी.
अस्तर म्हणजे पॉपलीन, रात्रभर भिजवून आटवलेलं.
आणि बारा मिलिमीटर म्हणजे चार सूत,
म्हणजे अर्धा इंच.
एवढी तर आम्ही शिवणीत माया सोडतो,
पुढेमागे बाई अंगानं भरली
तर उसवून सैल करता यावं म्हणून.
माझ्या पोटात ही माया कुणी सोडली,
कोणाच्या भरण्यासाठी?

तुकडा तपासायला गेलाय. गुरुवारी कळेल.
"अंगावर काढलं नाहीत ते बरं केलंत," बाफना म्हणाले,
"तोवर गोळी थांबवा."

रात्री नऊला हात आपसूक डबीकडे गेला.
शिव्या घालाव्यात म्हणून तोंड उघडलं,
पण सात वर्षं जगले ती हिच्याच जिवावर.
नुसतं पाणी प्यायले.

आज रामकन्याबाईनं तो शेजारचा डबा
मी पायरी उतरायच्या आतच उघडून धरला.
विचारलं काही नाही.
माझ्या हातात ओला कचरा होता,
भेंडीची देठं आणि चहाचा चोथा.
मागे हॉर्न वाजत होते.
ती झाकण धरून उभीच.