मसुदा

सोमवार. शिरोलीत सुट्टी.
भट्टी थंड, वॉचमनची खुर्ची उन्हात,
आणि दुसऱ्या मजल्यावर मी एकटी
'कार्यालयीन शिष्टाचार' हे परिपत्रक
नव्यानं लिहायला बसलेली.
शिरगुप्पे साहेब म्हणाले, जरा माणसात आणा ते.

जुनं माझंच आहे. चौदा वर्षांपूर्वीचं.
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

कलम तीन : आवाज मर्यादित ठेवावा.
हे मी रुक्साना मुल्लाणीसाठी लिहिलं होतं,
नाव न घेता. डिस्पॅचमधनं ती हाक मारायची,
"ओ बंडगर, गाडी लागली वोऽऽ!"
आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या
कपातल्या चहावरची साय थरथरायची.
सॅण्ड प्लँटच्या भिंतीला लागून तिचं टेबल.
हळू बोललेलं तिथं कुणाच्या बापाला ऐकू जाणार होतं?
कलम निघालं, ती हळू बोलायला लागली.
मग कामापुरतं.
मग मानेनंच.
गाड्या वेळेवर जात राहिल्या,
म्हणजे सगळं बरं चाललंय असं मी धरलं.

भाषेचं कलम मात्र मी स्वतःला भिऊन लिहिलं असणार.
आबांचा फोन आला की अजून मी जिन्यात जाते.
एकदाच टेबलावर उचलला, मीटिंगमध्ये.
"म्हस याली गं! रेडी झाली!"
लहान पोरासारखे ओरडत होते.
मी म्हणाले, "ओके. मी नंतर बोलते."
पलीकडं जरा थांबून आबा म्हणाले,
"बरं मॅडम."

कलम सात : नजरेला नजर देऊन बोलावे.
वडणग्याचा तेजपाल मगदूम
पूर्ण मुलाखत माझ्या पेपरवेटशी बोलला.
बोटं गुंतवायचा, सोडवायचा, परत गुंतवायचा.
विचारलं, तुमच्या उणिवा सांगा.
म्हणाला, "किती सांगू?"
आम्ही तिघंही हसलो.
तो खरंच आकडा विचारत होता.
जाताना दारात थांबला, पाठमोराच.
"तुमची ही खिडकी उजवीकडं दोन सूत खाली आहे."
मी शेरा मारला : व्यक्तिमत्त्वाचा अभाव.

आता तो गोकुळ शिरगावला आहे म्हणे,
आमच्या परत आलेल्या मालातला दोष
तोच शोधतो.

साहेबांना हवीत नवी दहा कलमं, गुरुवारपर्यंत.
मी लिहिते, खोडते.
'सर्वांना सामावून' असं काहीतरी लिहिलं,
आणि वाटलं,
हेही कुणाला तरी गप्पच बसवणार.

कुणी बघत नव्हतं म्हणून
उठून खिडकीला पट्टी लावली.
अडीच.
चौदा वर्षांत इमारत
अर्धं सूत आणखी बसली असणार.

मग फोन लावला.
"बोला मॅडम," रुक्साना म्हणाली,
मी शिकवलं होतं तेवढ्याच आवाजात.
म्हटलं, "ऐकू येईना झालंय,
जरा मोठ्यानं बोला की वो."

बराच वेळ पलीकडं
नुसता पंखा फिरत होता.