नऊ ए

कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वर
आमचं ऑफिस. जिन्याला कठडा नाही.
इथे बसून मी निम्म्या नाशिकला
विमानात आपापल्या जागी बसवतो.

अठ्ठेचाळीस तास आधी चेक-इन उघडतं.
ओझरचं विमान सहा दहाचं,
म्हणून दोन दिवस आधी, सहा दहाला,
चहा लांब सरकवून, बोट माऊसवर ठेवून मी तयार.
तत्काळच्या खिडकीशी बाप असाच उभा राहायचा.

पांढरं ते रिकामं. करडं ते गेलेलं.
जांभळं ते पाय पसरायला, त्याचे साडेचारशे.
पिंपळगावचे द्राक्षवाले मोगल घासाघीस करायचे:
"पायाचे पैसे? पाय काय लगेजमध्ये टाकू?"
आता नाही करत. गेल्या वर्षी कार्ड सोनेरी झालं.
दोन सी, फुकट. रांग वेगळी. बॅग आधी.
कायमचं नव्हे, मार्चपर्यंत.
फेब्रुवारीत फेऱ्या कमी पडतात,
मग ते काहीही काम नसताना हैदराबादला जातात,
बिर्याणी खातात, परत येतात.
मान पण बागेसारखाच, म्हणतात,
पाणी तोडलं की वाळला.

त्यांच्या तिकिटात नाव असेल
तर सोबतच्या शिरसाठांनाही दोन डी, फुकट.
तिकीट वेगळं असेल तर शिरसाठ अठराव्या रांगेत.
मोगल म्हणतात, वेगळंच काढा.

ह्या छोट्या विमानात मधली जागा नसते.
ए नंतर एकदम सी.
बी कुठे गेला, कुणीही विचारत नाही.
मी कधी बसलोय का, हेही नाही.

परवा गायधनीबाई आल्या.
टेबलावर साहेबांचं चंदेरी कार्ड ठेवलं,
प्लास्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून.
"एक लाख चौदा हजार पॉइंट आहेत. चालतील ना?"
मी नियम काढला, मनातल्या मनात वाचला,
आणि म्हणालो, सातबाऱ्याला वारस लागतो, बाई,
ह्याला लागत नाही.
म्हणालो आणि जीभ चावली.

त्यांनी कार्ड पुन्हा रबरबँडात घातलं.
"आम्ही नऊ ए, नऊ सी घ्यायचो.
वरून गंगापूरचं धरण दिसलं की हे मला कोपर मारायचे.
दर वेळी. मी जागीच असायचे तरी.
नऊ सी द्या. आणि ए रिकामी ठेवता येईल?"
येते, म्हटलं, तिचं पूर्ण भाडं भरलं तर.
त्या हसल्या. "आणि पट्टा कोण लावणार?"
अडीचशे मोजून दिले, सुटे.

त्या विमानात माझे अकरा जण होते.
अकरांनाही मी नऊ ए सोडून बसवलं.
सिडकोतल्या एका पोराला खिडकीच हवी होती,
पहिलाच प्रवास, नऊ ए वर बोट ठेवून बसला.
त्याला म्हटलं, तिथे पंख आडवा येतो.
खोटं. त्या विमानाचे पंख डोक्यावर असतात.
त्याला चौदा एफ दिली. तिथून धरण दिसतं की नाही,
मला माहीत नाही.

त्या दिवशी ऑफिस लवकर बंद केलं.
दहाव्या मैलाला टपरीवर उभा राहिलो,
अर्धा कप, हातात तसाच.
सहा बावीसला आलं ते, डावी बाजू माझ्याकडे करून.
मी खिडक्या मोजायला लागलो.
सहावीपर्यंत पोचलो तर वळलं.

दुपारी तीनपर्यंत ती पांढरी होती, एवढं नक्की.
त्यानंतर काउंटरवर कोण काय मागतं,
ते आम्हाला दिसत नाही.