आपणहून

नंदुरबार, डिसेंबर. माझे हात गार.
नेरकर मॅडम चहाचा ग्लास पुढे करतात.
पिऊ नको, नुसता धर.

धडगावचा पोरगा, सिकलसेल, पोट आवळून.
मी बोटं रुतवते.
'शोधत जाऊ नको गं.
त्याला श्वास घेऊ दे,
प्लीहा आपणहून भेटायला येते.'

आली.
वासरानं नाक लावावं तशी.

काल मी फाइलीत लिहिलं होतं, लागत नाही.
मॅडमनी ती ओळ खोडली नाही;
खाली आजची तारीख घातली,
साडेतीन सेंटिमीटर,
आणि पेन माझ्याकडे दिलं, सहीला.

जिन्यात म्हणाल्या,
'शहाद्याची एक मुलगी होती. माझ्या हातून.'
नाव सांगितलं नाही. पायऱ्या उतरत राहिल्या.

खिडकीत ग्लास तसाच,
चहावर साय धरलेली.