अर्थाची वायर

जिंतूर रोडला, पंक्चरवाल्याच्या बाजूला
सालेह चाऊसच्या दुकानात एक फळी होती.
फळीवर अठरा देशांचे सॉकेट,
करंट एकालाही नाही.
कुवेतच्या कॅम्पात सोळा वर्षं वायरमन होता चाच्या.
लोकांनी येताना सोनं आणलं,
यानं बिस्किटाच्या डब्यात भरून तोंडं आणली.

मी दहावी नापास, टेस्टर धरायला शिकत होतो.
पाव्हण्यांची करून द्यावी तशी त्यानं ओळख करून दिली:
हा अमेरिकेचा. आत्ताच बिल बघितलंय यानं.
हा इंग्लंडचा, बारीक डोळे, कपाळाला उभं गंध,
उधारी देणार नाही.
ऑस्ट्रेलियाच्या भुवया पडलेल्या, बायको माहेरी गेली असंल.
अन् डेन्मार्क बघ, कसा हसतोय.
कामून?
तिथं लाईट जात नाही.

आपला?
आपलं तोंड वर, डोळे खाली.
मे महिन्याच्या दुपारी
खाटेवरून डोकं लोंबकळत सोडलेलं पोरगं.
वरचं मोठं भोक म्हणजे अर्थ, बेटा.
बोललं की जमिनीत उतरतं,
नाही बोललं की बॉडीला येतं.

जर्मनी तेवढा गोल. दोन डोळे, बस.
जगात जर्मनी म्हणतात, अन् हा मुका?
मी हसलो. तोही हसला,
तेव्हा त्याला हसता यायचं.

रमजानात, सहेरीच्या वेळी
उजवी बाजू गेली. बोलणंही.
आता दुकान मी उघडतो, त्याला खुर्चीत बसवतो.
मिक्सर घेऊन आलेली शेवंताबाई
बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलते त्याच्याशी.

परवा कुणाच्या तरी जुन्या घरातला टू-पिन काढून आणला,
काळा, दोन भोकांचा, खाली काहीच नाही.
तळहातावर धरून बघत बसलो
अन् लक्षात आलं, तो मला बघतोय.
घाईघाईनं खिशात टाकला.

त्यानं डाव्या हातानं फळी मागितली.
माझं बोट धरून नेलं जर्मनीवर.
डोळ्यांवर नाही. कडेला.
वर एक पितळी पट्टी,
खाली एक.
कपाळाला अन् हनुवटीला.

इतक्या वर्षांत मी बघितलीच नव्हती.

धूळ होती फळीवर, तीन महिन्यांची.
कोरड्या फडक्यानं पुसली.
करंट नसला तरी ओलं लावायचं नाही,
त्यानंच शिकवलंय.