लाभ

यावलच्या सुभान तडवीनं
दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, सायबर कॅफेमागच्या खोलीत
उचललेल्या आवाजांचा अल्बम केला. नाव 'बडगी'.
आम्ही हसलो. भरीत कुटायची बडगी, आणि रॅप!

पण कुटलंच होतं त्यानं:
बँडवाल्याच्या क्लॅरोनेटची चिरकलेली फुंक,
गिरणीच्या पट्ट्याची फटफट,
भुसावळच्या फलाटावरची अर्धी सूचना,
कुठल्याशा कॅसेटवरचं बाईचं हसू,
दोन सेकंदांचं, देठासकट.
आणि वरून त्याची तडवी बोली
दम न घेता.

दुकानात कधी आला नाही तो.
मेमरी कार्डातून फिरला,
केळीच्या ट्रकांत बसून दिल्लीपर्यंत गेला म्हणतात.
माझे सात फोन बदलले.
पोरगा विचारतो, पप्पा, अजून तेच?

तेच.
चौथ्या गाण्यात बाजार समितीतला मापाडी आहे.
मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो,
मग दोन, मग तीन.
सुभाननं नुसता लाभ कापला
आणि फिरत ठेवला:
लाभ, ढोल, लाभ, काट्याची साखळी, लाभ
दोन येतच नाही.

माझे वडील तिथंच मापाडी होते.
आवाज त्यांचा वाटतो, कधी नाही वाटत,
हेडफोनवर जास्त वाटतो.
परवा सुभानला गाठून विचारलंच.
तो डोकं खाजवत म्हणाला,
माणूस नाही आठवत गड्या.
माल आठवतो.
दादर होती.