बाटलीची बेंबी

मोनोंगहेला नदीकाठी, ब्राउन्सव्हिलच्या वरच्या आळीत
एका ओस घरामागे आम्ही जुन्या संडासाचा खड्डा उपसतोय.
शंभर वर्षांत इथं कुणी बसलेलं नाही,
तरी ऑरिन हॅवरस्टिक खाली उतरताना टोपी काढतो.
"कुणाच्या तरी घरात शिरतोय ना आपण."

आधी लांब सळई खुपसायची, मुठीनं ऐकायचं.
दगड खट्ट म्हणतो, वीट बद्द,
राखेत सळई लोण्यासारखी जाते.
काच मात्र किणकिणत नाही, कुरकुरते.
"कुरकुर लागली!" एवढंच ओरडायचं असतं,
मग पुढचे तीन तास कुणी जेवायचं नाव काढत नाही.

माझी पहिली बाटली खोकल्याच्या औषधाची,
निळसर, अंगावर दुधाची साय धरल्यासारखी.
"आजारी आहे," ऑरिन म्हणाला.
मी चटकन हात विजारीला पुसले.
तो हसला.
ओल्या मातीत पडून पडून काचेतला क्षार झिरपून जातो,
नितळपणा जातो. धुऊन येत नाही परत.
पण आजारी हा शब्द कुणी आणला?
ऑरिन म्हणतो, मार्था स्लेटरनं.
नर्स होती. रात्रपाळी संपवून
पांढऱ्या बुटांनी तशीच खड्ड्यावर यायची.
डेल्मर म्हणायचा, छट, शब्द तिच्याहून जुना आहे.
दोघं सोळा वर्षं भांडले यावर.
आता डेल्मर नाही, म्हणून मार्था जिंकली.

आणि ती तासलेली!
अंगभर सुरीनं सोलल्यासारखे पैलू,
उन्हात धरली की पाण्यासारखी हलणारी.
जुन्या लोकांना वाटलं, साचा लाकडाचा असणार,
कुण्या सुताराच्या पटाशीचे घाव काचेत उतरले.
तसं काही नव्हतं.
साचा लोखंडाचा होता. पहाटेची पाळी, लोखंड गार,
आणि रसरशीत काच त्याला टेकली तशी शहारली.
शहारा तसाच थिजला.
हे कळूनही जमाना झाला,
तरी आम्ही सगळे तासलेलीच म्हणतो.
जो कधी नव्हताच त्या सुताराला
कामावरून काढणार कोण?

बुडाशी खरखरीत वण असतो, पॉन्टिल.
ऑरिनच्या अंगठ्याला तो काळोखातही सापडतो.
सळईवर तोललेली बाटली कारागिरानं तोडून सुटी केली,
तिथली खूण. शब्द म्हणे इटलीहून निघाला,
भट्ट्याभट्ट्यांतून घामेजत आला,
कुठं पंटी झाला, कुठं आणखी काही.
माझी मुलगी पाच वर्षांची. तिनं बाटली पालथी केली,
बोट घातलं आणि जाहीर केलं, "हिची बेंबी!"
पुढच्याच रविवारी सहा फूट खालून
ऑरिनचा आवाज आला:
"बेंबीवाली आहे रे!"
साक्षीला मी, मुलगी आणि शेजाऱ्यांचं कुत्रं.
उद्या कुणी विचारलं तर खुशाल सांगतील,
हा तर भट्टीवाल्यांचा शब्द, फार जुना.

आज उजेड उतरताना ती लागली.
पिकल्या जांभळाच्या रंगाची, खांद्यावर उठावाची वेल,
ओठ शाबूत, मान शाबूत.
ऑरिननं खुरपं टाकलं, नखांनी माती काढू लागला,
मग गुडघ्यावर घेऊन फुंकर घालत बसला.
वर आम्ही कुणी बोलत नव्हतो.
त्यानं ती फिरवली.
पाठच नव्हती.

हिलाही शब्द आहे आमच्यात, हार्टब्रेकर.
तो कुठून आला ते मी विचारलं नाही.
ऑरिनच्या खिडकीत अशा एकवीस आहेत,
धड बाजू रस्त्याकडे.
त्यानं हिला आपल्या टोपीत गुंडाळलं,
शिडी चढला, कमरेला हात लावून उभा राहिला.

मग आम्ही खड्डा बुजवला,
हिरवळीचे ठोकळे होते तसे परत बसवले,
आणि नळ सापडेना म्हणून
थर्मासमधला उरलेला चहा त्यांच्यावर ओतला.